घराले तोंड नसते, दादा

दादा, तुह्या तेरवीचं जेवण लोकाईच्या पोटात जिरलं नव्हतं, अन् पाटलाचा गडी चावडीच्या सुपाऱ्या वाटत निघाला. आपल्या ओट्यावर खरकट्या पत्रावळी तशाच पडल्या होत्या. मी झाडू घेऊन उभी, अन् हा दारावरून सरळ पुढे! मी म्हटलं, "काहून रे, हे घर दिसत नाही का तुले?" तर मान खाली घालून म्हणते, "या घरची सुपारी बापूरावले देली, गोदाबाई. पाटलानं तसंच सांगतलं."

बापूले! आपल्या काकाच्या बापूले! तू अंथरुणावर होता तेव्हा ज्यानं एकदाही हा उंबरठा ओलांडला नाही, तो आता आपल्या घराचा धनी झाला. अन् वेशीबाहेर महारवाड्यात तं गडी गेलाच नाही. मास्तर गेला, मास्तरची रीतही गेली, असं पाटील म्हणते म्हणे.

मले तुह्यासाठी निवांत रडायचं होतं, दादा. तू तं गेला, अन् भांडण माह्या पदरात टाकून गेला. म्हणून लिहून राहिली. दुसऱ्या कोणाले लिहू? अक्षर तूच शिकवलं, पाटीवर माहा हात धरून. लिहिताना मले-तुले लिहू नको गोदे, शुद्ध लिही, असं रागवत होता. आता कोण तपासते! माह्या बोलीतच लिहीन. तुले नाही आवडलं तं नको आवडू.

अकोल्याच्या शाळेतले तुहे सोबती मास्तर हुरड्याले आले होते, आठवते? किती फुशारकीनं सांगत होता तू त्यांले आपल्या गावची रीत! गावात काही ठरवायचं असलं की मानाच्या घरी पाटलाची सुपारी येते. दिवस कलला की घरधनी चावडीवर जमतात. मधात पितळी थाळी. कबूल असलं तं सुपारी थाळीत टाकायची, नसलं तं शेल्याच्या टोकाले गाठ मारून घरी न्यायची. कारण कोणी विचारायचं नाही. अन् प्रत्येकाचं टाकणं नाही तं बांधणं झाल्याशिवाय थाळी जागची हलवायची नाही. ते मास्तर माना डोलावून राहिले होते. मी आगटीजवळ कणसं चोळत बसली होती. म्हटलं, "अन् ज्याले सुपारीच येत नाही, त्यानं काय करावं?" सगळे हसले. तू नाही हसला.

त्यानंतरच तुह्या डोक्यात ते खूळ शिरलं. गावात जितकी घरं तितक्या सुपाऱ्या, वेशीच्या आत काय अन् बाहेर काय. लोक म्हणाले मास्तर बिथरला. पण खरं सांगू का? मी त्या दिवशी माह्याबद्दल विचारलं होतं, दादा. तू महारवाड्याबद्दल समजला. चांगलंच समजला, त्याबद्दल तुले नाव ठेवणार नाही. पण अर्धंच समजला.

ते सालच बह्याड होतं, येड लागल्यासारखं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेले जाणं बंद पडलं, अन् आपल्या काळ्या मातीले सोन्याचा भाव आला. अमरावतीचे व्यापारी बोंड फुटायच्या आधीच घोड्यावरून वावरात येऊन उभे! ज्याच्या पायाले कधी जोडा नव्हता तो रेशमी शेला मिरवू लागला. आपल्या बापूनं बैलांच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या केल्या, अन् बायकोच्या पायातलं जोडवं तेवढं पितळेचंच राहू देलं. मंग पाटलाची नजर नदीकाठच्या गायरानावर गेली. गायरान मोडायचं, मानाच्या घरांनी वाटून घ्यायचं, कपाशी पेरायची. महारवाड्याच्या शेळ्या तिथंच चरत होत्या. सरपण तिथलंच, झोपडीवर घालायचं गवतही तिथलंच. त्यांचं दुसरं होतं काय?

तू शनिवारी अकोल्याहून यायचा, अन् जेवता जेवता वर्तमानपत्रातलं सांगायचा. "तिथं माणसाले गुरासारखं बाजारात विकत होते, गोदे. आता सोडून राहिले."

"बरं झालं," मी म्हटलं. "मंग आता त्यांले थाळीत सुपारी टाकता येते का?"

तुहा घास हातातच राहिला. "तिथं सुपारी नसते वं, मत असते. पण नाही. अजून नाही देलं."

"मंग सोडलं कायचं? गळ्यातलं दावं काढलं अन् कासरा हातात ठेवला."

अन् पुढच्या आठवड्यात चावडीवर तू हेच बोलला, दाव्याचं अन् कासऱ्याचं. मी मारुतीच्या देवळामागे बायांमध्ये उभी राहून ऐकत होती. सगळे म्हणाले, वा, काय बोलले मास्तर! मले हसू आलं अन् रागही आला. वाक्य माहं, तोंड तुहं.

त्याच दिवशी तू अजून एक बोलला, ते मात्र तुहंच होतं. "तिकडे माणसं सुटून राहिली म्हणून आपल्या कापसाले भाव आला. अन् त्या भावासाठी आपण आपल्याच गावच्या माणसांच्या तोंडचं काढून घेऊन राहिलो. लाज वाटू द्या." मले वाटलं आता कोणी काठी उचलते.

पाटील काही साधा नाही. त्यानं हसून कबूल केलं. द्या म्हणे घरोघर सुपारी. त्याचा हिशोब सरळ होता. सरकारच्या गोऱ्या साहेबाचा मुक्काम जवळ आला होता, त्याले सांगता आलं असतं की सगळ्या गावाची संमती आहे. अन् पाटलासमोर, पाटलाच्या डोळ्याले डोळा देऊन सुपारी बांधून नेणारा महारवाड्यात कोण होता?

आपलं भांडण त्याच्या आदल्या दिवशी झालं. मी म्हटलं, "दादा, गायरान मोडू दे. वाट्याले येईल तो तुकडा माह्या नावानं कर." तू असा पाहिला माह्याकडे, जशी मी तुह्या ताटात माती टाकली! पण मी काय चुकीचं बोलली? सासरची, भातकुलीची जमीन नवरा गेल्यावर दिरांनी ठेवून घेतली. हे घर तुहं, वावर तुहं. उद्या तुले काही झालं तं माह्या नावचं ढेकूळ तरी आहे का कुठी? महारवाड्यातल्या भागीच्या शेळ्यांचं मले वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण माही भीतीही खरी होती. मी म्हटलं, "निदान मले विचार तरी. या घरात दोन माणसं आहेत."

"घराची सुपारी एकच असते, गोदे."

"मंग घराले तोंड असते का? बोलतं कोण?"

"तुले यातलं समजत नाही वं," तू म्हणाला, अन् पुस्तक उघडून बसला.

पाटील महारवाड्याबद्दल हेच म्हणत होता, दादा. याच शब्दात. तुह्या ते ध्यानातही आलं नाही, अन् मी इतकी भडकली होती की मले ते सांगायले सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सुचलं. तोवर तू चावडीवर गेला होता.

तो दिवस गावात कोणी विसरणार नाही. वेशीबाहेरची माणसं पहिल्यांदा चावडीसमोर आली, अन् ओट्याखाली उभी राहिली. थाळीले त्यांचा हात लागू नये म्हणून पाटलानं जमिनीवर एक सूप ठेवलं होतं. आधी ओट्यावरच्यांचं झालं. टण टण सुपाऱ्या पडल्या. बांधून घेतली ती तू, म्हाताऱ्या सोनाजीनं, अन् अजून दोघा-चौघांनी. मंग पाटील सुपाकडे हात करून म्हणाला, "हं, टाका रे." कोणी हललं नाही. पाटलाचा आवाज चढला. तेव्हा भागी पुढे आली. नवरा मेल्यापासून तिच्या घरची धनीण तीच. म्हणाली, "सुपारी आणली नाही, मायबाप. देवाजवळ ठेवली."

एकीनं नाही, सगळ्यांनी! चावडीची सुपारी त्यांच्या दारात जन्मात कधी आली नव्हती. आली, तं त्यांनी तिले हळद-कुंकू लावून देवापुढे ठेवलं होतं. मानानं आलेली सुपारी परत करतं का कोणी? आपल्या घरी लग्नाची सुपारी आली तं आपण तरी परत करतो का? सूप रिकामंच राहिलं. अन् रीत अशी, की जी थाळीत पडली नाही ती नाही म्हणणारी.

पाटलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "हे धरायचं नाही," तो ओरडला. "यांले रीत माहीत नाही. उद्या परत या." बापू काठी घेऊन उठला. अन् तू ओट्यावरून खाली उतरला, दादा, भागीच्या बाजूले जाऊन उभा राहिला, अन् म्हणाला, "उद्या नाही. झालं ते झालं. ओट्यावरच्यांच्या सुपाऱ्या जशा मोजल्या तशाच या मोजा." तुह्यावर राग होता, तरी मी मारुतीले म्हणत होती, माह्या भावाच्या डोक्यात काठी पडू देऊ नको बाप्पा. सोनाजी उठला, तुह्या जवळ आला. मंग पाटील बसला. नाही म्हणणाऱ्या सुपाऱ्या जास्त भरल्या, गायरान वाचलं.

घरी आल्यावर मी तुले सोडलं नाही. "हे मत नाही, दादा, गफलत आहे. त्यांनी देवाले ठेवली अन् तू ती पाटलाच्या विरुद्ध मोजली." तू पाय धुवून राहिला होता. म्हणाला, "पाटलानं त्यांले आपली रीत सांगतली का? नाही. मंग त्यांनी त्यांची रीत केली. चुकून तं चुकून, गोदे. हातात कधी देलंच नाही तं चुकतीन तरी कशे?" मी भाकरी थापायले लागली, अन् तुले वाटलं मी कबूल झाली. मी कबूल नव्हती झाली. मी म्हणणार होती की तसं मलेही एकदा चुकू दे ना! मंग तू अकोल्याले गेला, मंग ताप घेऊनच परत आला, अन् तापातल्या माणसाशी कोण भांडते?

तुह्यावर नुसता राग धरता आला असता तं बरं झालं असतं. पण भातकुलीहून मले आणताना तू गाडी निंबाखाली थांबवली होती, ते मी कशी विसरू? बैलं सोडली, मले पाणी देलं, अन् विचारलं, "पुढे काय करायचं गोदे? दुसऱ्या कोणाशी पाट लावायचा तं लावू, नसंन तं घर आहे. तुही मर्जी सांग." मी घुंगटातून तुह्याकडे पाहतच राहिली. लग्न ठरलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. तुही मर्जी सांग! मी रडली ती नवऱ्यासाठी असं तुले वाटलं. नाही रे. कोणीतरी विचारलं म्हणून रडली. ज्या भावानं हे विचारलं, तोच मंग म्हणते समजत नाही, म्हणून तं इतकं लागलं.

आता ऐक, परवा काय झालं ते. गडी पुन्हा त्याच गायरानासाठी सुपाऱ्या वाटून गेला, अन् थोड्या वेळानं भागी मागच्या कुंपणाशी आली. तुह्यासाठी डोळे पुसले. मंग म्हणाली, "आमाले नाई आली. तुमाले आली का?"

"नाही."

"म्हंजे तुमी अन् आमी एकच झालो का वं बाई?" हसत नव्हती. सरळ विचारत होती. मंग ती म्हणाली, "आली असती तं कुठी टाकली असती?"

खोटं बोलता आलं असतं. पण तू नुकताच गेलेला, अन् मले खोटं बोलवलं नाही. "थाळीत," मी म्हटलं. "गायरान मोडा म्हणून."

वाटलं, आता ही थुंकून निघून जाईन. भागीनं पदर खोचला. "टाका ना. तुमची हाये, तुमी टाका. पण आमचीबी येऊ द्या, म्हंजे आमीबी सांगू."

जात होती, तं मी तिले थांबवलं. "भागे, खरं सांग. मागच्या खेपेले तुमची गफलत झाली होती, का मुद्दाम ठेवल्या?"

"कोणाची गफलत, कोणाचं मुद्दाम," ती म्हणाली. "ओट्यावरच्या सगळ्यायनं समजूनच टाकली होती का? त्यायले इचारलं का कोणी?"

दादा, तू असता तं उडी मारली असती. अन् पुढच्या शनिवारी चावडीवर तुहं म्हणून बोलला असता.

मी डोक्यावरून पदर घेतला अन् चावडीवर गेली. देवळामागे नाही, समोरून. माहा एक पाय ओट्यावर पडला तशी कुजबूज थांबली. वेशीबाहेरची माणसं बोलावल्याशिवायच आली होती, खाली उभी होती. पाटील म्हणाला, "गोदाबाई, दुःखाचं घर आहे तुमचं. घरी जा." आवाज मऊ होता, डोळे नव्हते. तेवढ्यात बापूनं घाईघाईनं तुह्या-माह्या घरची सुपारी थाळीत टाकली. पडल्याचा आवाज मले छातीत लागला. पाय म्हणा, चीड म्हणा, कशानं नेलं मले माहीत नाही, पण मी वाकली, थाळीत हात घातला अन् ती उचलली.

"ठेव ते!" बापू ओरडला. "तुले तं गायरान मोडलेलंच पायजे होतं! मी तेच केलं ना?"

"तेच केलं. पण तू केलं," मी म्हटलं. "माहं मत माह्या तोंडातून निघालं नाही तं ते माहं नाही, बापू."

पाटील म्हणाला, "बरं बाई, झाली तुमची हौस. आता टाका, नाही तं पदराले गाठ मारा."

"टाकत नाही. बांधतही नाही. खालच्यांच्या सुपाऱ्या येईतोवर ही अशीच." अन् मी हात पुढे करून तळवा उघडा ठेवला. सुपारी त्यावर. रीत तुम्हीच बनवली ना? मंग सगळ्यांचं झाल्याशिवाय थाळी हलवा पाहू!

बापू हिसकायले आला. पाटलानंच त्याले मागे ओढला. भर चावडीवर बाईच्या हाताले हात लावला असता तं त्याचं तोंड गावात उरलं नसतं. मी उभी होती. हात दुखून राहिला होता, घामानं सुपारी निसटते का काय वाटत होतं. मंग सोनाजी खोकला. त्यानं शेल्याची गाठ सोडली, सुपारी तळव्यावर घेतली, अन् तसाच हात पुढे करून बसला. त्याच्या बाजूच्यानं त्याच्याकडे पाहिलं, थाळीतली आपली उचलली. पाटील उठला, जोडे घातले, अन् थाळी तिथंच टाकून निघून गेला. जाता जाता म्हणाला, "सगळ्यायले पाठवू. मंग पाहू."

पाठवते की नाही, कोण जाणे. बापू काल माह्या कडब्याच्या गंजीभोवती घुटमळत होता. मी सोनाजीच्या पोराले राखणीले बसवलं आहे. भीती गेली नाही. पण एक आहे, काल पाटलाची बायको नदीवर भेटली, अन् इकडे-तिकडे पाहून हळूच विचारत होती, हात किती दुखला वं?

आता तुले एक सांगून ठेवते, दादा. भागीच्या घरी सुपारी आली, अन् माही माह्या हातात राहिली, तं मी ती थाळीतच टाकीन. मोडा म्हणून. भागीच्या विरुद्ध, अन् तुह्या विरुद्ध. मी हरली तं हरली. भागीले हे सांगून झालं आहे, तिनं ऐकून घेतलं. तुले सांगायचं राहिलं होतं. राग आला तं येऊ दे. तू एकदा, फक्त एकदा म्हणाला असता की गोदे, तुहं मत वेगळं आहे, तं आपण दोघं बहीणभाऊ त्या ओट्यावर सगळ्या गावासमोर बरोबरीनं भांडलो असतो रे.